ऑनलाइन खरेदीत ‘शिपिंग’ आणि ‘हँडलिंग’चे पैसे: किती हक्काचे, किती नाहक?

मोबाइलवर एखादी वस्तू २४९ रुपयांना दिसते. आपण ती कार्टमध्ये टाकतो, पत्ता भरतो, पिनकोड टाकतो आणि पैसे भरायच्या पानावर येतो, तोवर आकडा ३१४ झालेला असतो. खाली बारीक अक्षरांत तपशील असतो: डिलिव्हरी ४०, हँडलिंग १०, प्लॅटफॉर्म फी ५, कॅश ऑन डिलिव्हरी १०. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. पण अशी बिले आता जवळजवळ प्रत्येक घरात येतात. ईदच्या आधी आणि जूनमध्ये शाळा उघडताना तर जास्तच.

शेकडेवारी शिकवताना आम्ही आठवीच्या वर्गात असली बिले फळ्यावर मांडतो. मुले लगेच काढून देतात: २४९ वर ६५ म्हणजे शेकडा २६. तेच ६५ रुपये २,४९० च्या खरेदीवर लागले तर शेकडा अडीचच्या आसपास. आणि प्रत्यक्षात मोठ्या खरेदीवर डिलिव्हरी बहुतेक वेळा माफच असते. म्हणजे जो थोडे-थोडे घेतो, त्याच्यावर या शुल्काचा भार सर्वात जास्त पडतो. आपल्यातल्या हातावर पोट असलेल्या घरांची खरेदी अशीच असते. म्हणून पाच-दहा रुपयांची बाब म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. माल घरापर्यंत आणून देण्याचे पैसे घेणे रास्त आहे. माल कपाटातून काढून डब्यात भरण्याचे पैसे वेगळे घेणे रास्त नाही, कारण ते दुकानदाराचेच काम आहे. आणि रास्त शुल्कसुद्धा शेवटच्या पानावर अचानक दाखवले, तर ते रास्त राहत नाही. हे आम्ही कशाच्या आधारावर म्हणतो, ते पुढे पाहू.

बिलावरची नावे काय सांगतात

शिपिंग किंवा डिलिव्हरी चार्ज: विक्रेत्याच्या गोदामातून आपल्या दारापर्यंतच्या वाहतुकीचे पैसे.

हँडलिंग चार्ज: माल काढणे, तपासणे, डब्यात भरणे, चिकटपट्टी आणि लेबल लावणे याचे पैसे.

प्लॅटफॉर्म फी किंवा मार्केटप्लेस फी: ॲप किंवा वेबसाइट वापरल्याबद्दल प्रत्येक ऑर्डरमागे घेतली जाणारी ठरावीक रक्कम.

कॅश ऑन डिलिव्हरी चार्ज: दारात रोख पैसे देण्याच्या सोयीबद्दल.

दहा-पंधरा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या ॲपवर याखेरीज स्मॉल कार्ट फी, पाऊस पडत असेल तर रेन फी, गर्दीच्या वेळी सर्ज फी अशी नावे दिसतात. हँडलिंग, प्लॅटफॉर्म वगैरे सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटीही लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण तेच पुस्तक मागवताना लावलेल्या प्लॅटफॉर्म फीवर मात्र कर भरावा लागतो.

ही शुल्के लहान असतात, पण लहान राहत नाहीत. जेवण पोहोचवणाऱ्या झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये ऑर्डरमागे २ रुपये प्लॅटफॉर्म फी सुरू केली. सप्टेंबर २०२५ पर्यंत ती १२ रुपये झाली होती. दोन वर्षांत सहापट.

वाहतुकीला खरेच किती खर्च येतो

विक्रेत्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. एक पार्सल आधी विक्रेत्याच्या दारातून उचलले जाते, मग छाननी केंद्रात जाते, तिथून ट्रकने किंवा विमानाने दुसऱ्या शहरात, मग स्थानिक केंद्रात आणि शेवटी एका मुलाच्या बाइकवरून आपल्या गल्लीत. शेवटचा टप्पा सर्वात महाग, कारण तिथे एकेका पार्सलसाठी माणूस फिरतो. घर बंद असले की दुसरी फेरी.

कुरिअरवाले नुसते वजन पाहत नाहीत, आकारही पाहतात. डब्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायचे. येईल ते ‘आकारमानाचे वजन’. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, यातले जे जास्त, त्यावर भाडे. समजा डबा ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा आहे. गुणाकार २४,०००, भागिले ५,००० म्हणजे ४.८ किलो. आत दीड किलोची रजई असली तरी भाडे ४.८ किलोचे. मोठ्या, हलक्या वस्तूंचे शिपिंग जास्त का, याचे उत्तर इथे आहे.

अंदाज घ्यायला सर्वात चांगली मोजपट्टी आपल्या टपाल खात्याची. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानुसार ५० ग्रॅमपर्यंतचे स्पीड पोस्ट स्थानिक असेल तर १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये. २५१ ते ५०० ग्रॅमचे स्थानिक २८ रुपये आणि २,००० किलोमीटरच्या पुढे ९३ रुपये. जीएसटी वेगळा. हा एकट्या-दुकट्या माणसाने खिडकीवर भरायचा दर आहे. रोज हजारो पार्सले पाठवणाऱ्या कंपन्या आपापले दर ठरवून घेतात. तेव्हा अर्ध्या किलोच्या वस्तूला कोणी शहरातल्या शहरात १२० रुपये शिपिंग लावत असेल, तर विचारायला हरकत नाही की हे कशाचे?

पुस्तकांसाठी तर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंत १०० रुपयांत जातात. कर वेगळा, आणि पार्सल कुठे पोहोचले तेही पाहता येते. माल जमिनीवरून जातो, त्यामुळे स्पीड पोस्टपेक्षा वेळ लागतो. घाई नसेल तर पुस्तक विक्रेत्याला सरळ सांगावे, ‘ज्ञान पोस्टने पाठवा.’ शाळा, मदरसे आणि वाचनालयांनी ही सोय ध्यानात ठेवावी.

टपालखर्च पूर्वीही होताच

ज्यांच्या घरी दिल्ली-देवबंदहून उर्दू किताबा यायच्या, त्यांना सूचिपत्रावरची ओळ आठवत असेल: ‘महसूल डाक बजिम्मा खरीदार’. मराठी प्रकाशकांच्या जाहिरातीत तेच ‘टपालखर्च वेगळा’ म्हणून असायचे. व्ही.पी.पी.ने पार्सल यायचे, पोस्टमन दारात पैसे घ्यायचा आणि ती रक्कम मनिऑर्डरने दुकानदाराकडे जायची. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीचा तो आजोबाच.

त्या व्यवहारात दोन गोष्टी साफ होत्या. टपालखर्च घेणाऱ्याने द्यायचा हे सूचिपत्रावर आधीच छापलेले असायचे. आणि पुस्तक कागदात गुंडाळून सुतळी बांधायचे पैसे कोणी वेगळे मागत नसे. तो दुकानाचा खर्च होता.

पॅकिंग कोणाच्या खर्चात?

सौद्यातला कोणता खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न जुना आहे. हनफी फिक्हच्या किताबांतही त्याची वाटणी आहे. धान्य मापून देणाऱ्याची मजुरी विकणाऱ्याकडे, आणि किमतीचे नाणे तोलून देणाऱ्याची मजुरी घेणाऱ्याकडे. माल हातात देण्याजोगा करणे हे एकाचे काम, पैसे नीट चुकते करणे दुसऱ्याचे.

आपल्या देशाचा कायदाही याच रेषेवर चालतो. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३६ मध्ये दोन गोष्टी आहेत. वेगळा करार नसेल, तर विकलेला माल विक्रीच्या वेळी जिथे असेल तिथेच द्यायचा असतो. म्हणजे घरपोच आणून देणे ही विक्रेत्याची आपोआप येणारी जबाबदारी नाही, आणि त्यासाठी पैसे मागितले तर गैर नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, वेगळे काही ठरले नसेल तर माल देण्यायोग्य स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याने सोसायचा. डब्यात भरणे, चिकटपट्टी लावणे हे त्यातच येते, असे आम्हाला वाटते.

डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगासमोर बिग बझारचे कॅरीबॅगचे प्रकरण आले होते. बिल करण्याच्या काउंटरवर पोहोचल्यावर पिशवीचे पैसे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, पिशवीला वेगळे पैसे पडतील हे ग्राहकाला दुकान निवडण्यापूर्वीच कळले पाहिजे, असे आयोगाने म्हटले. दुकानातल्या काउंटरवर जे चुकीचे, ते मोबाइलच्या शेवटच्या पानावर बरोबर कसे होईल?

इथे एक खाचही आहे. ‘वेगळे काही ठरले नसेल तर’ हे शब्द कायद्यातच आहेत. ॲप वापरताना आपण ‘मी सहमत आहे’ वर बोट ठेवतो, आणि कंपनी म्हणते, ठरले होते की! म्हणून नुसत्या कलम ३६ च्या जोरावर हँडलिंगचे दहा रुपये परत मिळतील, अशी खात्री आम्ही देणार नाही. पण कायद्याचा मूळ कल कुठे आहे, हे माहीत असलेले बरे.

आकडा आधी सांगायलाच हवा

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यांतल्या या तरतुदी आपल्या कामाच्या आहेत:

• वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात द्यायची आणि सोबत फोड द्यायची. फोडीत डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, वाहतूक आणि कर, म्हणजे सक्तीची आणि ऐच्छिक अशी सगळी शुल्के दाखवायची.

• ग्राहकाची संमती त्याने स्वतः दिलेली असली पाहिजे. आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन चालत नाही. विमा, देणगी, गिफ्ट पॅकिंग असे काही आपण न निवडता बिलात आले तर ते या नियमाविरुद्ध आहे.

• ऑर्डर रद्द केली म्हणून ग्राहकाला दंड लावायचा, तर कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसाच दंड सोसला पाहिजे.

• तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे.

पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाला गोंधळात टाकणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यांत दिल्या आहेत. किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, आणि न विचारता कार्टमध्ये काही घुसवणे म्हणजे ‘बास्केट स्नीकिंग’, या दोन्ही त्या यादीत आहेत. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याची सूचना देण्यात आली.

तरी एक फट उरते. ऑर्डर पूर्ण करण्यासाठी लागणारे आणि खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितलेले शुल्क, उदाहरणार्थ डिलिव्हरी, बास्केट स्नीकिंगमध्ये धरलेले नाही. डिलिव्हरीपुरते ते योग्यच आहे. पण शुल्क किती घ्यावे याला कमाल मर्यादा नाही. नाव द्या, आकडा दाखवा आणि घ्या, असे त्यातून होते. हँडलिंग फी, पॅकेजिंग फी, प्रॉमिस फी अशी नवनवी नावे निघतात ती यातूनच. आमच्या मते जे काम केल्याशिवाय विक्रीच होऊ शकत नाही, त्याचे पैसे वस्तूच्या किमतीतच असायला हवेत. तसे केले तरच दोन दुकानांची तुलना करता येते. २४९ च्या वस्तूला ६५ चे शेपूट आणि २८९ च्या वस्तूला काहीच नाही, तर स्वस्त दुसरी आहे. पण यादीत वर दिसते ती पहिली.

रोख पैसे देणाऱ्याला दंड का?

कॅश ऑन डिलिव्हरीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. रोख गोळा करणे, मोजणे, बँकेत भरणे याला खर्च येतो. शिवाय रोखीच्या ऑर्डरी दारातून परत पाठवल्या जातात आणि जाण्यायेण्याचे भाडे विक्रेत्याच्या अंगावर पडते. म्हणून माफक शुल्क असेल आणि ते आधी सांगितले असेल, तर आम्ही त्याला अन्याय म्हणणार नाही.

पण रोख कोण देते? ज्यांच्या नावावर स्वतःचे खाते किंवा फोन नाही अशा बायका, म्हातारी माणसे, आणि ज्यांची ऑनलाइन फसवणूक झाली आहे ते लोक. हातात वस्तू आल्यावरच पैसे द्यायचे, ही त्यांची सावधगिरी आहे. तिची किंमत फार वाढवू नये. उलट यूपीआयने पैसे दिले तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे बँकेचे व्यापारी शुल्क, शून्य आहे. मग यूपीआयने भरणाऱ्याकडून ‘पेमेंट हँडलिंग’चे पैसे मागण्याला फारसा आधार उरत नाही.

आपल्याकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. मन बदलले म्हणून दारातून पार्सल परत पाठवणे टाळावे. त्याचा खर्च शेवटी कोणा ना कोणा गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो.

‘मोफत डिलिव्हरी’चा हिशेब

४९९ च्या वर डिलिव्हरी मोफत, अशी पाटी असते. आपल्याला हवी ती वस्तू ३८० ची, डिलिव्हरी ४० ची. मग ४० वाचवायला आपण १२० ची नको असलेली वस्तू घेतो. वाचले ४०, गेले १२०. म्हणजे खिशातून ८० जास्तच गेले. ती १२० ची वस्तू महिन्याच्या सामानात लागणारीच असेल तर ठीक, एरवी ४० रुपये देऊन मोकळे व्हावे. घरात किंवा इमारतीत दोन-तीन जणांची यादी एकत्र करून मागवणे हा त्याहून चांगला उपाय.

माल खराब निघाला तर

फाटलेला कुर्ता, फुटलेली बाटली, दुसऱ्याच मापाचा बूट. वस्तूचे पैसे परत येतात, पण शिपिंग-हँडलिंग कापून. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चूक विक्रेत्याची असेल तर आपण संपूर्ण रक्कम मागावी, शिपिंगसह. आवडले नाही म्हणून परत करत असू, तर मात्र जाण्यायेण्याचा खर्च आपल्याकडे येणे गैर नाही. फक्त तसे आधी लिहिलेले असावे.

घरून विक्री करणाऱ्या आपल्या भगिनी

आपल्या अनेक भगिनी व्हॉट्सॲपवर आणि मोठ्या वेबसाइटवर अबाया, शेवया, लोणची, मसाले विकतात. त्यांच्याकडून वेबसाइट कमिशन आणि वाहतुकीचे पैसे कापून घेते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्यांना ‘शिपिंग माफ करा’ म्हणून अडवणे बरोबर नाही. त्यांनीही इतके करावे: भावासोबतच कुरिअरचा खर्च लिहावा, पॅकिंग भावात धरावे आणि पोस्टाची पावती फोटो काढून पाठवावी. गिऱ्हाईक टिकते ते अशा साफ हिशेबाने.

तक्रार कशी करावी

१. वस्तूच्या पानाचा, पैसे भरायच्या पानाचा आणि अंतिम बिलाचा स्क्रीनशॉट ठेवा. आकडा कुठे वाढला, हे यावरूनच सिद्ध होते.

२. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणे बंधनकारक आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

३. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येते. इथे वाद कोर्टात न जाता मिटवण्याचा प्रयत्न होतो.

४. तरीही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ‘ई-जागृती’ या पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो, वकील सक्तीचा नाही.

दहा रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, असे वाटणे साहजिक आहे. पण १९१५ वर नोंद करायला पाच-दहा मिनिटे पुरतात, आणि एकाच शुल्काबद्दल अनेक नोंदी झाल्या की सरकारला त्याकडे पाहावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅश ऑन डिलिव्हरीवरच्या जादा शुल्काची चौकशी करू, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी जाहीर केले, ते ग्राहकांच्या तक्रारी पुढे आल्यावरच.

यापुढे पैसे भरण्यापूर्वी बिलाची फोड उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. या पैशांच्या बदल्यात वेगळे काम खरेच झाले आहे का? आकडा सुरुवातीलाच सांगितला होता का? आणि नको म्हणायची सोय आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर पैसे खुशाल द्या, तो मेहनतीचा मोबदला आहे. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर विचारा, नोंद करा, आणि जवळच्या दुकानात तीच वस्तू काय भावाने मिळते तेही एकदा पाहा. पुष्कळदा ती तिथे स्वस्त असते, आणि पिशवीत भरून द्यायचे पैसे तो दुकानदार अजूनही मागत नाही.